यमुनेची नाडी सरळ झाली तेव्हा

"सायेब, लायनीवर आलं जी! एकदम लायनीवर!"

डोमाजी दवाखान्याच्या पायरीवरूनच ओरडला. हातात नव्या गुळाची भेली होती, फडक्यात बांधलेली. व्हरांड्यात पंधरा-वीस पेशंट बसले होते. मी एका म्हाताऱ्याच्या पायाचं ड्रेसिंग करत होतो.

"काय लायनीवर आलं?"

"यमुनेचं काळीज जी. चार रोज झाले. एक ठोका इकडचा तिकडे होत नाई. मी सोता कान लावून आयकलो."

आमचे कंपाऊंडर शेंडे हसत पुढे आले आणि त्यांनी भेली हातात घेतली. डोमाजी माझ्या जवळ सरकला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "माय म्हनते, दुसरीबी खुशखबर आहे. सकारपासून मळमळ होऊन राहिली तिले. अन्न नको म्हनते."

सगळे हसले. मला हसू आलं नाही. हातातला चिमटा मी ट्रेमध्ये ठेवला.

"ठोके मिनिटाला किती पडतात? मोजलेस?"

"मोजलो नाई. पन सावकाश पडतात. एकदम आरामशीर."

मी शेंड्यांना ड्रेसिंग पुरं करायला सांगितलं, बॅग घेतली आणि सायकल काढली. डोमाजी मागून विचारत राहिला, "काऊन जी? काय झालं?" मी सायकलवर टांग टाकली. खात्री झाल्याशिवाय त्याला काय सांगणार?

घाबरण्यासारखं काय होतं, ते सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल.

ही सत्तावन्न-अठ्ठावन्नच्या सुमाराची गोष्ट. तेव्हा गोंदिया वेगळा जिल्हा नव्हता, आम्ही भंडाऱ्यात मोडायचो. नवेगाव बांधला सरकारी डिस्पेन्सरी होती. मी नागपूरहून एलएमपी, म्हणजे तेव्हाचा डॉक्टरकीचा डिप्लोमा, करून आलेला, वय एकतीस. माझे पेशंट म्हणजे मलेरिया, खरूज, बाळंतपणं, मोहफुलं वेचताना अस्वलानं ओरबाडलेली माणसं, तलावात मासे धरताना हातात काटा मोडलेले ढिवर. हृदयरोग म्हणजे पुस्तकातला एक धडा होता. परीक्षेपुरता वाचलेला.

यमुना तिथून तीन मैलांवरच्या गावची. घर कोहळ्यांचं, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधणाऱ्या शेतकऱ्यांचं. थोडं धान, थोडा ऊस. नवरा डोमाजी, सासू, आणि ही. वय चोवीस. पहिल्यांदा आली तेव्हा व्हरांड्याच्या तीन पायऱ्या चढून खाली बसली. ओठ निळसर. बोलताना दर चार शब्दांनी श्वास घ्यायची.

लहानपणी तिला सांधे सुजून ताप आला होता. त्या तापात कधी कधी हृदयाची एक झडप खराब होते. झडप म्हणजे दोन कप्प्यांमधलं दार. दाराच्या पाकळ्या हळूहळू एकमेकींना चिकटतात, फट बारीक होते, आणि रक्त मागे फुप्फुसात तुंबतं. म्हणून दम. मी नागपूरला पाठवलं. नागपूरच्यांनी सांगितलं, मुंबईत आता यावर ऑपरेशन करतात, नवीनच आहे, हिंमत असेल तर जा.

घरात कोणाची हिंमत नव्हती. सासू म्हणाली, "मरन लिहिलं असन तं घरी मरू दे. परक्या गावात कायले?" डोमाजी गोंदियाच्या पुढे कधी गेला नव्हता. तरी तो तिला घेऊन निघाला. देवलगावला छोट्या लाइनची गाडी पकडली, गोंदियाला मोठी. दोन महिने पत्ता नाही. सासूनं दोघांच्याही नावानं रडून घेतलं. आणि एक दिवस दोघं बैलगाडीतून घरी आले. यमुनेच्या डाव्या छातीखालून पाठीपर्यंत एक लांब व्रण, आणि ओठ गुलाबी.

त्या ऑपरेशनमध्ये सर्जन चालत्या हृदयात बोट घालून ते दार उघडतो. छाती उघडून, नजरेनं न बघता, निव्वळ बोटाच्या स्पर्शानं. हे मी डोमाजीला समजावून सांगितलं आणि मोठी चूक केली. चार दिवसांत पंचक्रोशीला कळलं. "हिच्या कारजात डाक्टरनं बोट घातलं होतं" म्हणून लोक गाड्या जुंपून तिला बघायला येऊ लागले. यमुना वैतागली. एकदा मला म्हणाली, "सायेब, यात्रा भरून राहिली माह्या घरी. आता तिकीट लावू का?"

दम गेला. ती तलावाच्या पाळीवर न थांबता चढू लागली. पण एक गोष्ट मागे राहिली. हृदयाचे ठोके.

निरोगी हृदय ठेक्यात चालतं. यमुनेचं तसं चालत नव्हतं. दोन ठोके लगेच, मग खंड, मग एक मोठा, मग चार लहान. "छातीत लाह्या फुटून राहिल्या," असं ती सांगायची. याला ऑरिक्युलर फिब्रिलेशन म्हणतात. वरचा कप्पा वर्षानुवर्षं ताणून ताणून नीट आकसायचं विसरतो, नुसता थरथरतो. ऑपरेशननं दार उघडलं, पण थरथर गेली नाही. मुंबईच्या डॉक्टरांनी चिठ्ठीत ते लिहिलं होतं. डिगॉक्सिनची रोज एक गोळी लिहिली होती. ही गोळी ठोके सरळ करत नाही. फक्त त्यांना जास्त पळू देत नाही. आणि एक ताकीद होती, नाडी मनगटावर मोजू नका, छातीला स्टेथोस्कोप लावून मोजा. कारण अशा हृदयाचे काही ठोके इतके दुबळे असतात, की ते मनगटापर्यंत पोचतच नाहीत.

दर सोमवारी बाजाराच्या दिवशी दोघं यायचे. मी मोजायचो. ऐंशी, पंच्याऐंशी, कधी नव्वद. छान चाललं होतं. पण यमुनेला ते छान वाटत नव्हतं. जेवताना, बोलताना, पडल्यावर तिचं सगळं लक्ष छातीकडे. एका सोमवारी तिनं विचारलं, "आपरेशन तं झालं नं जी? मग हे असं कायले चालते अजून?"

डोमाजी माझ्या तोंडाकडे बघत होता. मुंबईपर्यंत जाऊन आलेला माणूस. मला त्याला नाही म्हणवेना.

मी म्हणालो, "येईल हळूहळू लायनीवर."

चिठ्ठीत तसं कुठंही लिहिलं नव्हतं.

हे सगळं सायकल मारताना डोक्यात होतं. आणि त्याच्या वर होतं मेडिकल स्कूलमधल्या एका सरांचं बोलणं. ते म्हणायचे, डिजिटॅलिस घेणाऱ्या फिब्रिलेशनच्या पेशंटची नाडी एकाएकी मंद आणि सरळ झाली, तर पेढे वाटू नका, आधी बाटली बघा. डिगॉक्सिन त्याच डिजिटॅलिस वर्गातलं. ते औषध आणि विष यांच्यात अंतर फार थोडं. जास्त झालं की वरच्या कप्प्याचा निरोप खाली पोचणंच बंद होतं. मग खालचा कप्पा आपल्या मनानं, मंद पण ठेक्यात चालतो. ऐकायला सुंदर. पण तो कधी थांबेल, सांगता येत नाही.

घरी पोचलो तर अंगणात सासू तांदूळ पाखडत होती. मला पाहून हसली. "या जी, या. गोड बातमीले आले." यमुना आत खाटेवर पडून होती. चेहरा उतरलेला, पण डोळे खुश.

मी घड्याळ काढलं, स्टेथोस्कोप लावला. पूर्ण मिनिटभर ऐकलं. अडतीस. पुन्हा मोजलं. अडतीस. एकही ठोका मागेपुढे नाही.

"कसं वाटतं?"

"बरं आहे जी. जेवन तेवढं जात नाई. अना भात..." माहेरी सासूची तक्रार करावी तसं ती म्हणाली, "आत्याबाई भातात हरद टाकून राहिल्या. पांढरा भात पिवरा."

सासू दारातूनच म्हणाली, "कुठची हरद? दोन रोज झाले भांडून राहिली. साधा भात आहे जी!"

मी भिंतीकडे बोट केलं. नवा चुना लावलेली भिंत. "ही कोणत्या रंगाची?"

"पिवरी," यमुना म्हणाली. मग आमचे चेहरे बघून डोळे चोळू लागली.

डिजिटॅलिसच्या विषबाधेत सगळं पिवळं दिसतं. मळमळ होते. भूक मरते. सगळी लक्षणं पुस्तकातल्या क्रमानं माझ्यासमोर खाटेवर होती. एवढ्यात डोमाजी धापा टाकत पोचला.

"बाटली आण," मी म्हणालो.

त्यानं आणली. मुंबईची नव्हती, गोंदियाच्या दुकानातून आणलेली नवी. जुनी बाटली दाखवली की दुकानदार देत असे. तेव्हा कोणी चिठ्ठी मागत नसे.

"रोज किती देतोस?"

डोमाजी खाली बघत म्हणाला, "पयले एकच देत होतो जी. तुमी म्हनले, हरूहरू येईल. लय वाट पाहिली. मग म्हटलं, एकीनं एवढं, तं दोनानं... मग आठ रोजापासून तीन." त्यानं मान वर केली. "अना आलं नं जी लायनीवर? तुमी म्हनले तसंच झालं."

माझेच शब्द होते ते.

मी गोळ्यांची बाटली खिशात टाकली. यमुनेला म्हणालो, "जरा उठून बस." ती उठली. मी मनगट धरून होतो. नाडी थांबली. एक, दोन, तीन, मी मनात मोजत होतो. सहावर तिचे डोळे फिरले आणि मान कलली. आठवर एक ठोका आला. मग दुसरा. मी तिला आडवं केलं. तिनं डोळे उघडून विचारलं, "काय झालं?"

सासूनं सूप खाली ठेवलं होतं.

मग मी सांगितलं. हे लायनीवर येणं नाही. गोळी जास्त झाली आहे. आता एकही गोळी द्यायची नाही. उठायचं नाही, बसायचं नाही, लघवी-परसाकडंही खाटेवरच. विष उतरलं की हृदय पुन्हा पहिल्यासारखं, आडवंतिडवं चालू लागेल. तसं चाललं, की समजायचं वाचली.

"म्हनजे मले पुन्हा लाह्या पायजे?" यमुनेनं विचारलं.

"हो."

ती भिंतीकडे तोंड करून रडायला लागली. आवाज न करता. मरणाच्या भीतीनं नव्हे. चार दिवस तिला छातीची आठवण न होता झोप लागली होती. ते मी काढून घेत होतो.

सासूनं विचारलं, "अना पोटातलं? त्याले तं काई नाई होनार?"

मी स्टेथोस्कोपची नळी गुंडाळू लागलो. यमुनेनंच सासूला पाणी आणायला पाठवलं. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "तसं काई नाई जी. मले ठाव आहे. मागच्याच हप्त्यात बाहेर बसली होती. पन बुढी एवढी खुश होती... सांगवलं नाई."

हे घर म्हणजे एकमेकांना बरं वाटावं म्हणून गप्प बसणाऱ्यांचं घर होतं. आणि त्यांचा डॉक्टरही त्यातलाच.

मी डोमाजीला चिठ्ठी देऊन पोस्टात धाडलं. भंडाऱ्याच्या सिव्हिल सर्जनना तार. दुपारी उत्तर आलं, पेशंट नागपूरला हलवा. कसं हलवणार? बैलगाडी, छोटी लाइन, गोंदियाला गाडी बदलायची. ती उठून बसली तरी हृदय थांबत होतं. मी तार खिशात ठेवली आणि हलवलं नाही.

माझ्याकडे ॲट्रोपिन होतं. मंद हृदयाला ते थोडी टाच मारतं. इंजेक्शन दिलं. नाडी पन्नासवर गेली, तासाभरानं पुन्हा चाळीस. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. शरीर गोळी बाहेर टाकेल याची वाट बघायची. तीन-चार दिवस लागतात. शेंड्यांनी दवाखाना सांभाळला. मी दिवसातून तीन वेळा तीन मैल सायकल मारत होतो.

डोमाजी खाटेजवळून हलला नाही. तिसऱ्या दिवशीही त्यानं दाढी केली नव्हती. यमुना त्याला म्हणाली, "जा नं, ऊस पडून आहे तिकडे. मी कुठं पयून जातो?" तो गेला नाही. शेजाऱ्यांनी त्याचा ऊस घाण्यावर नेला. माझ्याशी तो एकदाच बोलला. "सायेब, मुंबईच्या डाक्टरनं वाचवलं, अना मी मारून टाकत होतो."

"तू नाही," मी म्हणालो. "मी चुकीचं सांगितलं होतं." ते त्याला पटलं नाही. डॉक्टर चुकीचं सांगतो हे त्याच्या हिशेबात बसत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी सिव्हिल सर्जन स्वतः जीप घेऊन आले. उंच, तिरसट गृहस्थ. खाटेशी वाकून त्यांनी पाच मिनिटं ऐकलं. मग मला अंगणात बोलावलं.

"नागपूरला का पाठवलं नाही?"

"उठवलं की सिन्कोप येत होता, सर." सिन्कोप म्हणजे शुद्ध हरपणं.

"ऑर्डर होती."

"हो, सर."

"वाटेत गेली असती," ते म्हणाले. "बरं केलं. तीन गोळ्या कोणी सांगितल्या?"

"कोणी नाही. नवऱ्यानं आपल्या मनानं वाढवल्या. ठोके सरळ व्हावेत म्हणून."

"सरळ होतील असं त्याला कोणी सांगितलं?"

"मी, सर."

त्यांनी खिशातून पेन काढलं. मला वाटलं, आता मेमो.

"का?"

"त्यांना बरं वाटावं म्हणून."

"केस पेपरवर लिहा तसं," ते म्हणाले. "याच शब्दांत." आणि आत जाऊन त्यांनी सासूकडे चहा मागितला.

चौथ्या दिवशी सकाळी मी पोचलो तेव्हा डोमाजी दारात उभा होता. त्याला काही विचारायच्या आत आतून यमुनेचा आवाज आला.

"सायेब, फुटून राहिल्या!"

मी स्टेथोस्कोप लावला. दोन लगेच, खंड, एक मोठा, तीन लहान. चौसष्ट. इतका बेशिस्त आवाज मी आयुष्यात इतक्या आनंदानं ऐकला नाही. मी पुन्हा पुन्हा ऐकत बसलो. शेवटी यमुनाच म्हणाली, "झालं नं आता? का गानं आहे ते?"

"भिंत कशी दिसते?"

"पांढरी. पन कोपऱ्यात चुना बरोबर नाई लागला."

सासूला एकच काळजी होती. ठोके सरळ झाले म्हणून तिनं आमच्या जवळच्या प्रतापगडच्या टेकडीवर नवस बोलून टाकला होता, महादेवालाही आणि दर्ग्यातही. "आता तं वाकडे झाले. फेडू का नाई?" मी म्हणालो, सून वाचली त्याचा फेडा. ती गेली आणि दोन्हीकडे फेडून आली. पोटातलं काही नव्हतं हे तिला कोणी सांगितलं, मला माहीत नाही. बहुतेक तिला आधीच कळलं होतं. त्याबद्दल ती कधी बोलली नाही. सुनेच्या भातावर तूप मात्र जास्त वाढू लागली.

आठवड्यानं मी दोघांना समोर बसवलं आणि मुंबईची चिठ्ठी मराठीत वाचून दाखवली. जशीच्या तशी. ठोके सरळ होणार नाहीत. या जन्मात नाहीत. मी डोमाजीकडे न बघता यमुनेकडे बघून बोलत होतो.

तिनं चिठ्ठी माझ्या हातून घेऊन नीट घडी घातली. मग म्हणाली, "पयलेच सांगतले असते तं बरं झालं असतं जी. मी रोज वाट पाहून राहिली होती."

त्यानंतर आम्ही कामाला लागलो. दवाखान्यातलं एक जुनं घड्याळ आणि एक जुना स्टेथोस्कोप मी त्यांना दिला. डोमाजीला स्टेथोस्कोपनं मोजायला शिकवलं. आधी त्याचे आकडे रोज वेगळे यायचे, कारण ठोका मोठा पडला की तो "हां!" म्हणायचा आणि पुढचे दोन विसरायचा. महिनाभरात जमलं. नियम साधे होते. गोळी रोज एक. मोजून साठाच्या खाली आले तर गोळी द्यायची नाही, माझ्याकडे यायचं. शंभराच्या वर गेले तरी यायचं. मळमळ, पिवळं दिसणं, पाय सुजणं, काहीही झालं तरी यायचं. गोळी माझ्याच हातून न्यायची. रोवणीला, म्हणजे धानाच्या लावणीला, जायचं, पण दुपारी परत. कोणी घरी ठोके ऐकायला आलं तर हाकलून द्यायचं.

हळूहळू तिचं छातीवरचं लक्ष उठलं. मला ते एका सोमवारी कळलं. मी विचारलं, "कसं चालतं आतलं?" ती बाजारातली वांगी पिशवीत नीट लावत होती. म्हणाली, "चालत असन जी. पाहा तुमीच."

दोन वर्षांनी खरोखरच तिला दिवस गेले. मी घाबरलो. ती घाबरली नाही. सातव्या महिन्यात मी तिला भंडाऱ्याला सिव्हिल सर्जनांच्या हवाली केलं. त्यांनी दोन महिने तिला खाटेवर ठेवलं, आणि ती दोन महिने त्यांच्या नर्सबायांना धान कांडायचं तंत्र सांगत होती. मुलगी झाली. साडेपाच पौंड. तिची नाडी मी स्वतः मोजली. एकशे चाळीस आणि अगदी नियमित. बाळांची तशीच असते.

पुढे माझी बदली झाली. यमुना त्यानंतर बरीच वर्षं जगली, त्याच वाकड्या ठोक्यांवर. मी निवृत्त होईपर्यंत अनेक पेशंट असे आले, की ज्यांची तक्रार बरी होणार नव्हती. गुडघे, दमा, एका कानानं ऐकू न येणं. सगळे एकच विचारायचे, कधी नीट होईल? अशा वेळी मी खुर्ची पुढे करायचो आणि सांगायचो, "नीट होणार नाही. पण याच्यासकट जगता येतं. कसं ते सांगतो, बसा."